सांबाराची एसी गाडी

आमच्या घरी एसी गाडी होती असं मी सांगते, तेव्हा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आमच्याबद्दल एकदम आदर येतो. मग मी सांगते की ती गाडी माणसांसाठी नव्हती, सांबारासाठी होती, आणि तो आदर आला तसा निघून जातो. सांबार म्हणजे कोथिंबीर. वऱ्हाडात कोथिंबिरीला हाच शब्द आहे आणि ह्या वयात मी तो बदलणार नाही. वाशीमजवळच्या मालेगावच्या शिवेवर आमचं चार एकराचं ओलिताचं वावर होतं. त्यात सांबार, मेथी, वांगी, मिरची आणि बांधाच्या कडेनं मायच्या हौसेची चार झेंडूची झाडं. पहाटे विहिरीवरची मोटर सुरू झाली की तिच्या घुमण्यानं आम्हाला जाग यायची. बाबा आणि माझा मोठा भाऊ दिलीप जुड्या बांधायचे, माय त्यांच्यावर पाणी शिंपडायची, आणि त्या ओल्या सांबाराचा वास चुलीवरच्या भाकरीच्या वासात मिसळून सगळ्या घरभर पसरायचा. आजही अकोल्याच्या माझ्या घरात सून सांबार निवडायला बसली की मला उगाचच भूक लागते. तिला वाटतं सासूला मधुमेह झाला.

माय मालेगावच्या बाजारात भाजीचं दुकान लावायची. दुकान म्हणजे एक ताडपत्री, चार टोपल्या, वर लोंबकळणारा तराजू आणि त्यामागं मांडी घालून बसलेली माय. तिचा बाजारात दबदबा होता. दहा भाजीवाल्या एका ओळीत बसायच्या, पण बायका नऊ जणींसमोरून नाक वर करून निघून मायसमोर येऊन थांबायच्या. 'काकूच्या मापात बरकत हाय,' असं म्हणायच्या. घरी नेलेली किलोभर वांगी मायकडची असली तर दोन माणसांना जास्त पुरतात, अशी तिची ख्याती होती. माय हे ऐकून वरवर लाजायची आणि आतून फुगायची. "मी काय करतो वं बाई? तराजू साऱ्यायचा सारखाच हाय. माह्या हाताले कमी देनं जमतच नाई," असं म्हणून ती पदर सारखा करायची. घरात कशावरूनही वाद झाला, तरी शेवटी ती आपला उजवा हात पुढे करून बाबांना दाखवायची. ह्या हातावर तुमचं घर चाललं, हा त्याचा अर्थ. बाबा त्यावर कधीच काही बोलायचे नाहीत, हे मला तेव्हा फार मोठेपणाचं वाटायचं.

गाडीची कल्पना बाबांची. लग्नसराईत वाशीमच्या आचाऱ्यांना दुपारी ताजा सांबार लागतो, कारण संध्याकाळच्या पंगतीची भाजी तेव्हा चुलीवर चढते. सकाळी नेलेला सांबार मे महिन्याच्या उन्हात दुपारपर्यंत मान टाकतो, आणि दुपारी नेला तर वाटेतच टाकतो. बाबांनी बरेच दिवस ह्यावर विचार केला. ओलं पोतं, बर्फाची लादी, केळीची पानं, सगळं करून पाहिलं. बर्फानं सांबार काळा पडला. मग एक दिवस वाशीमच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची जुनी पांढरी गाडी विकायला निघाल्याचं त्यांना कळलं. लांब नाकाची, मऊ गाद्यांची, आणि मुख्य म्हणजे एसीची. बाबा ती घेऊनच आले. माय दारात उभी होती. तिनं गाडीला ओवाळण्याआधी विचारलं, "आता ह्याच्यात आपुन बसाचं, का सांबार?" बाबा म्हणाले, "सांबार." माय म्हणाली, "मंग ओवाळू कोनाले?" तरी तिनं ओवाळलं, आणि दिलीपनं त्या दिवसापासून केसांना तेलाऐवजी पाणी लावून भांग पाडायला सुरुवात केली, कारण गाडी तोच चालवणार होता.

एसी मात्र बंद होता. डॉक्टरांनी ते लपवलं नव्हतं. गॅस कधीचाच निघून गेला होता आणि तो जुन्या जातीचा गॅस बाजारातून उठत चालला होता. त्यानं आभाळाला भोकं पडतात म्हणून साऱ्या जगानं त्याला बंदी घालायचं ठरवलं होतं. वाशीमच्या एका मेकॅनिकनं गाडी पाहिली आणि सांगितलं, "ह्यात नवीन गॅस चालत नाई. एसी काढून फेका, तेवढीच टोपल्यायले जागा होईन." बाबा तोंड पाडून परत आले. त्या संध्याकाळी आम्ही अंगणात जेवत होतो. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, ताकाची कढी. मी म्हटलं, "नवीन गॅस चालतो. त्याच्यासाठी आतलं तेल बदलावं लागते." सगळ्यांचे घास थांबले.

इथं माझ्याबद्दल सांगायला हवं. मी वनिता, घरात वनी. दहावीनंतर मी हट्टानं वाशीमच्या आयटीआयमध्ये फ्रिज-एसीच्या कोर्सला गेले होते. वर्गात मी एकटीच मुलगी. पहिल्या दिवशी सरांनी मला शिवणकामाच्या वर्गाचा रस्ता दाखवला होता. दोन वर्षांनी त्याच सरांनी अकोल्याच्या एका वर्कशॉपच्या मालकाला माझ्यासाठी चिठ्ठी लिहून दिली, की ही पोरगी कामाची आहे, शिकाऊ म्हणून घ्या. राहायला अकोल्यात मावशी होती. बाबांची ना नव्हती. मायची होती. तिचे गुडघे दुखायला लागले होते, दिलीपला सुटे पैसे धड मोजता येत नव्हते, आणि तिच्यानंतर त्या ताडपत्रीवर कोणी बसावं, तर मीच, असं तिनं मी पाचवीत असतानाच ठरवून टाकलं होतं. ती चिठ्ठी महिनाभर देवळीत देवाच्या तसबिरीमागे पडून होती. माझं आयुष्य कुठल्या वाटेला लागणार, ते त्या चिठ्ठीवर होतं, आणि तिच्यावर रोज उदबत्तीची राख पडत होती.

त्या रात्रीच्या जेवणावर मायनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुले येते हे?"

"येते."

"मंग कर. सांबार वाशीमले हिरवा उतरला, तं जाय अकोल्याले. मी एक शब्द बोलनार नाई. अन जर का सुकला, तं सोमवारपासून माह्या बाजूले बसाचं. मंग अकोल्याचं नाव काढाचं नाई. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. दिलीपनं ताटावरूनच जाहीर केलं की तो सांबाराच्या बाजूनं आहे.

सामान मी अकोल्याहून आणवलं. नव्या गॅसचं छोटं सिलिंडर, त्याच्या सोबतीचं तेल, हिरव्या रबरी चकत्या आणि ओल शोषून घेणारी एक नवी बाटली. जुन्या तेलाचं आणि नव्या गॅसचं जमत नाही. गॅस पुढे निघून जातो, तेल कुठल्यातरी कोपऱ्यात बसून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरून मरतो. म्हणून आधी सगळं जुनं तेल काढायचं, नळ्या आतून धुवायच्या, जुन्या चकत्या फेकायच्या. मी गोठ्याशेजारच्या कडुलिंबाखाली गाडीचं नाक उघडून बसले आणि अर्धं मालेगाव पाहायला आलं. बायका मायला विचारायच्या, "पोरगी काय करून राह्यली वं?" माय म्हणायची, "भाजीचं पोट साफ करून राह्यली." नळीतून काळं तेल निघालं तेव्हा एका म्हातारीनं खरोखरच तोंडाला पदर लावला.

नळ्यांमधली हवा ओढून काढायला पंप लागतो. तो मालेगावात कुठून असणार? पण रस्त्यावर रशीदचाचांचं पंक्चर आणि वेल्डिंगचं दुकान होतं आणि त्यांच्याकडे जगातली प्रत्येक मोडकी वस्तू होती. त्यांनी एका मेलेल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काढला, फळीवर ठोकला, उलट्या तोंडाला नळी लावली आणि म्हणाले, "ले बेटी, तुहा पंप. आवाज करते, पर नियत साफ हाय." तो पंप चार तास घरघरत राहिला. मधे वीज गेली, पुन्हा आली. दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा खाली जाऊन जो बसला तो तासभर हलला नाही, म्हणजे कुठंही गळती नव्हती. चाचांनी काट्यावर बोटानं टकटक केलं आणि म्हणाले, "बस, आता ह्या गाडीच्या पोटात हवेची फुंकरबी नाई." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण दोघंही तेलानं बरबटलो होतो.

राहिलं गॅस भरणं. जुन्या गॅसच्या काळात मेकॅनिक नळीवरच्या छोट्या काचेच्या खिडकीत बुडबुडे दिसायचे बंद होईस्तोवर भरायचे. नवा गॅस तसा भरायचा नाही, मोजून भरायचा, आणि जुन्यापेक्षा कमी भरायचा, हे सरांनी आमच्या डोक्यात कोरून बसवलं होतं. ह्या गाडीत जुना किलोभर मावत होता. मी वहीत हिशेब केला आणि आकडा काढला, आठशे ग्रॅम. मोजायला तराजू हवा. माय बाजारातून येऊन पाय पसरून बसली होती. तिनं आपला तराजू आणि वजनं माझ्यापुढे अशी ठेवली, जसा एखादा पैलवान आपली गदा ठेवतो. "घे. माह्या काट्यात काडीचा फरक नाई." तराजू कडुलिंबाच्या फांदीला टांगला. एका पारड्यात सिलिंडर, दुसऱ्यात वजनं, दोन्ही सारखी झाली. मग वजनांमधून पाचशे, दोनशे आणि शंभर अशी तीन काढून घेतली. सिलिंडरचं पारडं खाली गेलं. आता तेवढा गॅस गाडीत जाऊन ते पारडं वर आलं, की झालं. अख्खं अंगण श्वास रोखून त्या पारड्याकडे बघत होतं. ते हळूहळू वर आलं, सारखं झालं, मी व्हॉल्व्ह बंद केला, आणि दोन मिनिटांत गाडीच्या जाळीतून गार वारा आला. माय पुढच्या गादीवर बसली, डोळे मिटून म्हणाली, "अगं माय वं!" आणि पाच मिनिटं उतरली नाही.

बाबा तेवढ्यात वावरातून आले. मी त्यांना हात धरून जाळीसमोर नेलं. त्यांनी गार वारा घेतला, हसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग त्यांची नजर फांदीला टांगलेल्या तराजूवर गेली. "गॅस कायनं मोजला?" त्यांनी विचारलं. "मायच्या वजनानं," मी म्हटलं. बाबा माठातून दोन तांबे पाणी प्याले आणि गुरांना चारा टाकायला गेले, जो मी तासाभरापूर्वीच टाकला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. मागच्या गादीवर ओल्या पोत्यांवर सांबाराच्या दोनशे जुड्या, पुढे दिलीप, शेजारी मी. माय निरोप द्यायला बाजारातून मुद्दाम आली होती. काचा चढवल्या, एसी लावला, आणि मालेगाव मागे पडेपर्यंत गाडीत असा गारवा झाला, की दिलीपनं रस्त्यानं सायकलवर जाणाऱ्या ओळखीच्या प्रत्येक माणसापुढे गाडी हळू केली, त्याला बंद काचेतून हात दाखवला आणि पुढे गेला. मी मागे वळून सांबाराला हात लावून पाहिला. ताठ होता. मी मनातल्या मनात अकोल्यातल्या मावशीच्या घरी माझी खाटही टाकून ठेवली.

वाशीमात शिरताना वरात आडवी आली. घोड्यावर नवरदेव, पुढे बँड, त्याच्यापुढे नवरदेवाचे मित्र, आणि ते नाचण्यात असे रंगलेले की पुढं सरकायचं नावच घेत नव्हते. गाडी थांबली. पाच मिनिटांत जाळीतून येणारा वारा कोमट झाला. कॉम्प्रेसर टक् करून बंद पडला. पुन्हा लागला, पुन्हा बंद पडला. मग गरम हवा यायला लागली. मी म्हटलं, "काचा खाली कर." दिलीपनं काचेचा दांडा फिरवला आणि तो त्याच्या हातातच आला. माझ्या बाजूची काच बोटभर उतरून अडकली. मागच्या काचा कितीतरी वर्षांपासून उघडतच नव्हत्या. बाहेर पंचेचाळीसच्या आसपासचं ऊन, आत ओली पोती, आणि समोर एक काका रुमाल तोंडात धरून नाचत होते. पाऊण तासानं वाट मोकळी झाली. आचाऱ्यापुढे गाडीचं दार उघडलं, तेव्हा आतून वाफ आली. आचाऱ्यानं एक जुडी उचलली, वास घेतला आणि म्हणाला, "ताई, भाजी मी शिजवतो. तुम्ही काहून शिजवून आणली?"

परतीच्या वाटेवर दिलीप एक शब्द बोलला नाही, हे त्याचं माझ्यावरचं सगळ्यात मोठं प्रेम होतं. आणि गाडी पळायला लागताच एसी पुन्हा गार झाला, हे सगळ्यात मोठं दुःख. मायनं मला रागावलंही नाही. ती फक्त म्हणाली, "हात-पाय धुय. सोमवारी लवकर उठाचं हाय." मी न्हाणीत जाऊन पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी माय बाजारात गेल्यावर मी पुन्हा गाडीखाली शिरले. गाडी उभी केली की एसी बंद पडतो, पळाली की चालतो. मी समोरच्या जाळीवर बादलीभर पाणी ओतलं, तर उभ्या गाडीतही तो गार झाला. ह्याचा अर्थ एकच होता, गॅस जास्त भरला गेला होता. उभ्या गाडीला वारा मिळत नाही, दाब वाढतो, आणि कॉम्प्रेसर जीव वाचवायला स्वतःला बंद करून घेतो. पण मी मोजून भरला होता! वही काढली, हिशेब तीनदा तपासला. आठशे म्हणजे आठशे. त्या दिवशी माय एकट्या वांग्यांचं दुकान लावणार म्हणून मोठी दोन वजनं तेवढी घेऊन गेली होती, बाकीची ओट्यावर होती. मी स्वयंपाकघरातून मिठाची किलोची बंद पिशवी आणली, घरातला दुसरा लहान तराजू काढला आणि पाचशेचं एक, दोनशेची दोन आणि शंभराचं एक अशी किलोभर वजनं दुसऱ्या पारड्यात टाकली. वजनांचं पारडं दणकन खाली बसलं. मीठ कमी? दुसरी पिशवी ठेवली, तेच. शेजारणीकडून साखरेची आणली, तेच. मग मी पाचशेचं वजन उलटं केलं. त्याच्या पोटाशी असते ती खोबण खोल कोरलेली होती आणि तिच्यात शिसं ओतून वर घासून सारखं केलेलं होतं. सगळ्यांचं तसंच. माझ्या मागं कोणीतरी खाकरलं. बाबा होते.

"किलोमागं शंभर-सव्वाशे जास्त हाय," ते म्हणाले, आणि माझ्याजवळ उकिडवे बसले.

हळूहळू त्यांनी सांगितलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी माय नवी नवी बाजारात बसायला लागली, तेव्हा एका बाईनं भर बाजारात तिची टोपली उपडी करून आरडाओरडा केला, की ही नवी पोरगी माप मारते. तिनं मारलं नव्हतं. पण माय घरी आली ती आठ दिवस कोपऱ्यात बसून राहिली, बाजाराचं नाव काढलं की थरथरायची. मग बाबा वजनं घेऊन वाशीमच्या एका लोहाराकडे गेले. शिक्का मारून घ्यायला दर वर्षी नेण्याची खरी वजनं वेगळी, ती माळ्यावर पोत्यात बांधून ठेवलेली. मायच्या हाती दिली ती ही. "मंग गिऱ्हाइकं म्हनाले लागले, बाईच्या मापात बरकत हाय. तिले वाटलं आपल्या हातात हाय. मी तसंच वाटू देल्लं. आता तिले कसं सांगू, वने? हातावरच तं उभी हाय ते."

 मी खरी ठरायची, तर मायचा हात खोटा ठरत होता. चिठ्ठी तसबिरीमागे होती, वजनं समोर होती, आणि आमचे बाबा, ज्यांना मी रडताना कधी पाहिलं नव्हतं, उगाचच चपलेतला खडा शोधत होते. मी उठले, व्हॉल्व्ह उघडून शंभर ग्रॅमच्या आसपास जादा गॅस सोडून दिला. (हे काम असं करायचं नसतं. आज माझ्या वर्कशॉपमध्ये कोणी असा गॅस हवेत सोडला, तर मी त्याला दिवसभर उभं करते. पण तेव्हा आमच्याकडे तो परत भरून घ्यायचं यंत्रच नव्हतं, आणि तेव्हा मला आभाळाची फिकीर करायला सवडही नव्हती.) गाडी उभ्या जागी गार राहिली. संध्याकाळी माय आल्यावर मी सांगितलं, "माह्याकडून वजन करताना चूक झाली होती. आता बरोबर केली." माय म्हणाली, "कबूल म्हनजे कबूल." मी म्हटलं, "हो."

सोमवारपासून मी ताडपत्रीवर बसले. चार दिवस बसले. ती वजनं उचलून पारड्यात टाकायची आणि समोरच्या बाईनं 'काकूची पोरगीबी काकूसारखीच' म्हणायचं. माय माझ्याकडे वळून डोळे मोठे करायची, म्हणजे बघ, हाताचा गुण कसा उतरतो. मला हसू यायचं आणि रडूही यायचं. कामात मात्र मी चोख होते. पाव किलो मिरची, दीड किलो वांगी, दोन जुड्या, सुटे किती परत, हे मी बाई बोलता बोलता तोंडी सांगायचे. गुरुवारी दुपारी गर्दी ओसरली. माय पान लावत होती. एकाएकी म्हणाली, "वने, तू त्या दिवशी वजनातून काय काय काढलं होतं?"

"पाचशे, दोनशे, शंभर."

"म्हनजे आठशे."

"हो."

"अन भराचं किती होतं?"

मी पटकन म्हणून गेले, "आठशे." मग माझ्या लक्षात आलं आणि मी टोपलीतली वांगी मांडायला लागले, जी मांडलेलीच होती. मायनं पान तोंडात टाकलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

संध्याकाळी घरी आल्यावर माय चुलीकडे गेली नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी शिडी लावून माळ्यावर चढली, बाबा दर वर्षी शिक्क्याच्या वेळी खाली काढायचे ते पोतं घेऊन उतरली आणि अंगणात तराजू टांगला. बाबा खाटेवर बसले होते. ते उठू पाहत होते, तेव्हा ती म्हणाली, "बसा." पोत्यातलं किलोचं वजन तिनं एका पारड्यात ठेवलं, आपलं रोजचं दुसऱ्यात. रोजचं खाली गेलं. तिनं पाचशेचं ठेवलं, मग दोनशेचं. प्रत्येक वेळी तेच. दिलीप काहीतरी विचारायला तोंड उघडणार होता, मी त्याच्या पायावर पाय दिला.

"कधीपासून?" मायनं विचारलं.

"ते टोपली उपडी केली होती त्या बाईनं," बाबा म्हणाले, "तवापासून."

 मायनं आपला उजवा हात पुढे धरला, पालथा केला, पुन्हा सुलटा केला, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, आता संपलं, आता ही परत कधी ताडपत्रीवर बसणार नाही. बाबांनाही तेच वाटलं असणार, कारण ते खाटेच्या दोऱ्या घट्ट धरून बसले होते. पण माय वळली ती माझ्याकडे.

"तुले माहीत होतं."

"हो."

"मंग माह्याकडून चूक झाली, असं काहून म्हनलीस?"

"तुले वाईट वाटलं असतं."

"वाटलंच. पर ते माह्यं अन तुह्या बापाचं हाय, ते मी त्याईच्याकडून वसूल करीन, आयुष्यभर करीन. तू कायले मधात पडली? दोन वर्षं शिकली, भाजीचं पोट धुतलं, एवढी मोठी गाडी गार केली, अन आपलं काम बरोबर असतानी साऱ्यायसमोर मान खाली घालून चुकलो म्हनली? ते बाई आरडून राह्यली होती, तवा मीबी अशीच मान खाली घातली होती. माप बरोबर होतं माह्यं. तरी एक शब्द बोललो नाई. आठ दिवस कोपऱ्यात बसलो. तुलेबी तसंच बसाचं हाय का?"

 मी तिच्या कमरेला मिठी मारली आणि लहान मुलीसारखी ओक्साबोक्शी रडले. तिनं मला दूर केलं नाही, पण तिचा राग काही उतरला नव्हता. एका हातानं माझी पाठ थोपटत ती दिलीपवर ओरडली, "त्या देवामागची चिठ्ठी काढ. अन उद्या अकोल्याची पहिली गाडी किती वाजता हाय, पाहून ये."

दिलीप पळाला. अंगणात तराजू अजून हलत होता. बाबांनी बराच वेळ धीर गोळा केला आणि खाटेवरून हळूच विचारलं, "मंग उद्यापासून बाजारात कोनत्या वजनानं इकाचं?"

"ते माह्यं मी पाह्यतो," माय म्हणाली. "तुमी उठा अन पोरीची बॅग भरा."